उलटा लिव्हर

ती गाडी माझ्या हातात शहाण्यासारखी चालायची आणि डॉक्टरांच्या हातात गेली की बिथरायची. आज सांगतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. मला तेव्हा वेड लागायची पाळी आली होती.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराच्या लिलावातल्या मोटारसायकली पुण्याकडून आमच्या मावळात येऊ लागल्या होत्या. तशीच एक हिरवट, एका सिलिंडरची दणकट गाडी डॉक्टरांनी घेतली. तोवर ते सायकल मारत फिरायचे. बिऱ्हाड तळेगावात, आणि हद्द आंबीपासून थेट आंदर मावळाच्या टोकापर्यंत. कुठं बैल फुगला, कुठं म्हैस अडली, की माणूस धावत सांगावा आणायचा आणि डॉक्टर ताटावरून उठायचे. माझं दुकान लोणावळ्यात, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. घाट चढून तापलेले ट्रक थंड करायचे, स्प्रिंगांचे तुटलेले पाटे बदलायचे, यावर माझं पोट. पण मोटारसायकल खोलून परत जोडणारा त्या सगळ्या पट्ट्यात मी एकटाच होतो, आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. सकाळीच डॉक्टर गाडी घेऊन आले. आले म्हणजे शेवटचा मैलभर ढकलत आले.

"मिस्त्री, क्लच दाबला तरी गाडी पुढं ओढत राहते. गिअर टाकायला गेलं की खडाखडा वाजतं. थांबायला जावं तर धक्का देऊन बंद पडते."

"ठेवा तितं. दुपारपतोर करतो," मी म्हणालो.

"नुसतं करून भागणार नाही. दिवाळीनंतर पुण्याचे साहेब पाहणीला यायचेत. माझ्याच गाडीवर मागं बसून सगळी हद्द फिरणार. माझी नोकरी हंगामी आहे, तुला माहीत आहे. एवढी हद्द एका माणसाला गाडीवर सांभाळता येते असं त्यांना पटलं तर मी कायम होणार. नाही पटलं तर हद्द दोघा जवान पोरांत वाटणार, आणि मी घरी बसणार."

एवढं सांगून ते बाकड्यावर बसले. शेजारी चहाचं हॉटेल चालवणारी मावशी होती. तिनं न सांगता त्यांच्यापुढं कप ठेवला. तिची म्हैस त्यांनी वाचवली होती, त्यामुळं त्यांच्या चहाला ती दूध जरा जास्तच घालायची.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यापायीच झाला. गाडीवाल्यानं बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचा, आणि गाडीला हात लावायचा नाही. "हे असं होतं, बघ ना," म्हणत कुणी हँडल धरायला आला की मी खेकसायचो. माझ्या उस्तादानं मला हेच शिकवलं होतं. दुखणं रोग्याला विचारावं, पण नाडी आपण धरावी. मालकाच्या हाताला सवयी लागलेल्या असतात, त्या आपल्याला फसवतात. म्हणून गाडी मी तपासणार, मीच चालवून बघणार आणि मीच ठरवणार. या रितीनं मी शंभर गाड्या नीट केल्या असतील.

पहिल्या दिवशी मी केबल काढली, धुतली, तेल पाजलं, ढिलाई काढून टाकली. गाडी स्टँडवर चढवली, चालू केली, गिअरमध्ये टाकली आणि क्लच दाबून धरला. मागचं चाक गरगर फिरतच राहिलं. म्हणजे दोष आत होता. क्लचच्या प्लेटा एकमेकींना सोडत नव्हत्या. क्लच ज्यात बसतो तो चेनचा डबा खोलला आणि आतून जो वास आला तो ओळखीचा होता, पण मोटारीचा नव्हता. आमच्या घरी चटणीवर घेतात तो वास. बोट बुडवून जिभेला लावलं.

"डाक्टर, ह्यात कारळ्याचं त्याल कुनी वतलं?"

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनाही काही उमगेना. मावशीनं येऊन वास घेतला आणि म्हणाली, "कारळ्याचंच हाय. अन् चांगलं घाण्याचं हाय, बाई!"

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. खंडेनवमीला डॉक्टरांच्या बायकोनं घरातली झाडून सगळी हत्यारं पुसून पुजली. विळी, अडकित्ता, डॉक्टरांच्या कात्र्या, आणि दारात उभी असलेली गाडी. बिचारीनं विचार केला, सगळ्यांना तेलाचं बोट लावलं, मग हिलाच कोरडी का ठेवायची? बाजूला एक टोपण दिसलं. फिरवलं तर निघालं. आत तेलच होतं, पण काळंकुट्ट. माउलीनं वरून वाटीभर ताजं, डोंगरावरच्या कारळ्याचं तेल ओतलं. डॉक्टर सांगताना हसत होते, मीही हसलो. कारळ्याचं तेल तापलं की चिकटा होतो. प्लेटांवर त्याचा असा लेप बसला होता की बोटाला बोट चिकटावं.

मी खूश झालो. कारण सापडलं की मिस्त्रीला जेवण गोड लागतं. सगळ्या प्लेटा रॉकेलमध्ये धुतल्या, त्यांत बसवलेले बुचाचे तुकडे घासले, स्प्रिंगा मापात आवळल्या, नवं तेल भरलं. स्टँडवर क्लच दाबला तर मागचं चाक मी पायानं थांबवू शकलो. वलवणपर्यंत चक्कर मारून आलो. गिअर असे पडत होते की ऐकू येऊ नये. डॉक्टरांना गाडी दिली. दुकानापुढं उतार होता, ते नेहमीसारखे उतारावर गाडी सोडून निघून गेले. मी मावशीकडं भज्यांची एक जादा बशी मागितली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर परत हजर. धोतर गुडघ्यावर फाटलेलं.

"आंबीत एक बैलगाडी आडवी आली. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला, तरी गाडी ओढत राहिली आणि सरळ पेंढ्याच्या गंजीत घुसली."

मला खरं वाटेना. मी तिथल्या तिथं गाडीवर बसलो, बाजारातून चक्कर मारली, दहा वेळा थांबलो, दहा वेळा निघालो. गाडी लोण्यासारखी! परत आलो आणि त्यांच्याकडं बघत राहिलो.

"अवो, कायबी झाल्यालं न्हाई हिला!"

"असं कसं? मग मी काय गंजीत हौसेनं शिरलो?"

इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मी केबल नवी घातली. गाडी घेऊन गेले, दोन दिवसांनी परत. मी स्प्रिंगा सैल केल्या, तर चढाला क्लच घसरायला लागला, म्हणून पुन्हा आवळल्या. परत तेच. मग मी गिअरबॉक्स खाली उतरवला. सगळे दात तपासले, एकूणएक चकती पोत्यावर मांडली. काही सापडलं नाही. मला आता स्वतःच्या हातांचा संशय यायला लागला. वाटायचं, मला दिसत नाही असं काहीतरी या लोखंडात आहे. एकदा तर गाडी सैनिकाची होती, तो मेला असेल, असाही विचार मनात येऊन गेला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे. पण माणसाची मती गुंग झाली की तो कुठं कुठं हात घालतो!

मावशी पोत्यावरचा पसारा बघून म्हणाली, "आरं, रोग रेड्याला अन् औषध पखालीला, असं तर न्हाई ना चाललं तुजं?"

"मावशे, तू भजी तळ!"

दिवाळी आली आणि गेली. साहेबांच्या पाहणीला सहा दिवस उरले. डॉक्टर रोज येत होते. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पुन्हा तीच तक्रार. माझा तोल सुटला. चारचौघांत, मावशीच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं ऐकत असताना, मी बोलून बसलो, "डाक्टर, राग मानू नका, पर नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत हाय तुमची. गाडी चालवायलाच येत न्हाई तुमाला!"

गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं ते उलटून बोलतील. त्यांचा आवाज खेड्यापाड्यांत गोठे हलवायचा. पण ते खाली बघत म्हणाले, "तसंही असेल." आणि कपातला चहा तसाच ठेवून गाडी ढकलत निघाले. मला फार वाईट वाटलं. हा माणूस वर्षभर हीच गाडी फुलासारखी चालवत होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आताच का विसरला?

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. म्हणालो, "चला, मी मागं बसतो. तुमी चालवा. काय व्हतंय ते बघू."

आयुष्यात पहिल्यांदा मी उस्तादाची रीत मोडली. ते नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही, मागं चढून बसलो.

उतारावर गाडी ठीक निघाली. पहिल्यापासून दुसरा गिअर पडताना खडाखडा वाजलं, माझ्या दातांपर्यंत कळ गेली. पुढं रेल्वेचं फाटक होतं, आणि ते लागलेलं होतं. डॉक्टरांनी गाडी हळू केली, क्लच दाबला, ब्रेक दाबला. इंजिन धडधडत होतं आणि गाडी ब्रेकला न जुमानता इंचाइंचानं फाटकाकडं सरकत होती. मला काही सुचलं नाही. मी मागून त्यांच्या काखेखालून हात घातला, लिव्हरवरच्या त्यांच्या पंजावर माझा पंजा ठेवला आणि दाबला.

लिव्हर आणखी दोन बोटं आत गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, "आता न्यूट्रल करा." त्यांनी पाय हलवला. टक् करून न्यूट्रल पडलं.

माझ्या पंजाखाली त्यांची चार बोटं होती. पहिली दोन जीव खाऊन ओढत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लिव्हरवर नुसती पडलेली होती. माझ्या दाबानं ती हलली, पण त्यांनी स्वतः काही ओढलं नाही. आणि लिव्हरच्या टोकाला जिथं खरा जोर लागतो तिथं नेमकी तीच दोन बोटं असतात.

मालगाडी आली. लांबलचक होती. तिच्या आवाजात बोलायची सोय नव्हती आणि दोघांनाही ते बरंच वाटलं असावं. फाटक उघडलं तरी आम्ही तिथंच होतो. मग ते उतरले, गाडी कडेला लावली आणि डावा हात माझ्यापुढं धरला. करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड होता.

"परवा सायलेन्सरला लागला. बायकोनं फोड दाखवला तेव्हा मला कळलं," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून हे असं आहे. आधी मुंग्या यायच्या, आता काहीच येत नाही. मी गुरांचा डॉक्टर असलो तरी एवढं मला समजतं, मिस्त्री."

मलाही समजलं. त्या रोगाचं नाव तेव्हा घरात कुणी उच्चारत नसे. आमच्या गावात एकाला झाला होता, त्याला लोकांनी शेताच्या टोकाला खोपीत ठेवलं होतं. माझ्याही नकळत मी माझा पंजा चड्डीला पुसला. डॉक्टरांनी ते पाहिलं. लाजेनं मला मान वर करवेना.

"मंग गाडीचा दोष हाय म्हनून मला का सांगत व्हता?"

"मला वाटायचं, गाडीचाच असावा. तू कारळ्याचं तेल काढलंस तेव्हा मला इतका आनंद झाला! म्हटलं, सुटलो. हात बरा आहे, तेलच होतं ते." मग म्हणाले, "हे कळलं तर नोकरी राहूच दे, मला गोठ्यात कोण शिरू देईल? सहा दिवस राहिलेत. कायम झालो की बाकीचं बघता येईल. गाडीचं काही होईल का?"

मी मिस्त्री. मला गाडीचं विचारलं की माझं डोकं आपोआप चालायला लागतं. त्याच डोक्यानं मला पुढं आयुष्यभर छळलं.

माझ्याकडं भंगारात एक जुनाट गाडी पडली होती, पहिल्या लढाईच्या काळातली. तिचा क्लचचा लिव्हर उलटा होता. म्हणजे तो जिच्यावर फिरतो ती खीळ हँडलच्या टोकाला, आणि मोकळी बाजू आत, अंगठ्याकडं. त्यात सगळा जोर पहिल्या दोन बोटांकडं येतो, आणि करंगळीला काही कामच उरत नाही. दोन दिवस कानस मारून मी तो लिव्हर डॉक्टरांच्या हँडलला बसवला, केबल लांबवली, त्यांच्या पंजाच्या मापानं वाक दिला. तिसऱ्या दिवशी ते गाडीवर बसले आणि क्लच दाबला. चाक थांबलं. ते बाजारातून चक्कर मारून आले, दहा वेळा थांबले, दहा वेळा निघाले. खडाखडा नाही, धक्का नाही. उतरले आणि त्यांना हुंदका आला. मला इतका अभिमान वाटला की मीही नाक ओढत राहिलो.

पाहणीच्या दिवशी ते साहेबांना मागं बसवून लोणावळ्यापर्यंत आले. साहेबांची नजर हँडलवर गेली. "हे उलटं काय बसवलंय?"

"पावसाचा मुलूख हाय साएब. वल्ल्या हातातनं सटकत न्हाई," मी ठोकून दिलं.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. डॉक्टर कायम झाले.

मी त्यांना दवाखान्यात जा म्हणालो नाही, असं नाही. म्हणालो. ते म्हणाले, कायमचा कागद हातात येऊ दे. कागद आला. मग म्हणाले, वर्ष पुरं होऊ दे, म्हणजे हक्काची रजा मिळेल. मग पावसाळा आला, घटसर्पाची साथ आली, ते गावोगाव गुरांना टोचत हिंडले. आणि मीही सांगायचं सोडून दिलं. का सोडलं? गाडी चांगली चालत होती म्हणून! ते आले की मी आधी आवाज ऐकायचो, गिअर कसा पडतो ते बघायचो, आणि मनात म्हणायचो, वा रे पठ्ठ्या. गाडी ओढत राहिली असती, कुठं परत गंजीत घुसली असती, तर त्यांना जावंच लागलं असतं. माझ्या लिव्हरनं तेवढी सोय काढून घेतली.

पुढच्या दिवाळीला ते पुण्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपली आणि विचारलं, "किती दिवसांपासून?" त्यांनी खरं ते सांगितलं. ते डॉक्टर म्हणाले, "रोग थांबवता येईल, तुमच्यापासून कुणाला धोकाही नाही. पण बोटांसाठी वर्षभर आधी यायला हवं होतं." त्या रोगावर तेव्हा देत त्या कडू कवठाच्या तेलाच्या सुया महिनोन् महिने चालल्या. रोग थांबला. बोटं नाही सुधारली.

बरं, हेही सांगितलं पाहिजे की ते कायम झाले नसते तर ती रजा मिळाली नसती, घर चाललं नसतं, पुढं कचेरीतलं बसून करायचं कामही मिळालं नसतं. मग मी केलं ते बरं की वाईट? मी हे कितीदा मनात खोललं आणि जोडलं. कुठला भाग कुठं बसतो तेच कळत नाही.

बरे झाल्यावर ते माझ्या दुकानात आले ते आगगाडीनं. गाडी त्यांनी विकून टाकली होती. अंगात कोट, अंगानं वाळलेले. मावशीनं कप पुढं केला, त्यांनी उजव्या हातानं घेतला. चहा संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुझ्यामुळं माझं घर उभं राहिलं. तुझे उपकार फेडता यायचे नाहीत." आणि त्यांनी मला हात जोडले.

उजवा पंजा सरळ होता. डाव्याची दोन बोटं आत वळलेली, त्यामुळं हात नीट जुळतच नव्हते. मला ते बघवेना. तो नमस्कार माझ्या लायकीचा नव्हता, एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडाला कधी वळण होतं? मी ओरडलो, "हात खाली घ्या! आधी हात खाली घ्या ते!"

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांचा चेहरा एकदम पडला. त्यांना वाटलं, मला त्या हातांची भीती वाटते. त्यांनी झटकन दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाले, "चुकलं माझं. लक्षात राहत नाही."

पुढं होऊन ते हात धरायला हवे होते. मी खाली वाकून पाना शोधत राहिलो. वर बघितलं तेव्हा ते स्टेशनच्या रस्त्याला लागले होते.